ब्राउझरमध्ये घडवलेला ढोल

ढोलाचा एक ठोका ध्वनिमुद्रित करून साठवायचा, तर संगणक दर सेकंदाला त्याचे ४४,१०० नमुने घेतो. एका नमुन्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला ८८,२०० बाइट होतात, आणि तेही डावा-उजवा असा भेद न ठेवता. एमपी३ करून आवळलं, तर १२८ किलोबिटच्या दर्जाला तोच सेकंद सुमारे १६,००० बाइटांत बसतो. पण आवाजाऐवजी त्या ठोक्याचं वर्णनच लिहून ठेवलं तर? तो कुठल्या स्वरावर सुरू होतो, किती वेळात खाली उतरतो, काठी लागल्याचा खट्ट किती मोठा आणि किती आखूड, घुमारा केव्हा विरतो, हे सगळं तीनशे-चारशे अक्षरांत मावतं. ते वर्णन वाचून मोबाइलमधला ब्राउझर ठोका तिथल्या तिथं घडवतो. ध्वनीची फाइल उतरवून घ्यावी लागत नाही, कारण ती नसतेच.

हे घडवणं कसं चालतं ते इथं पायरीपायरीनं पाहू, आणि उदाहरणं नंदुरबार जिल्ह्यातली घेऊ. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथली ६९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तरीही वर सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या विखुरलेल्या पाड्यांवर नेटवर्क शोधत टेकडीवर चढावं लागतं. अशा ठिकाणच्या शिक्षकानं मुलांसाठी अंकांचा किंवा अक्षरांचा खेळ वेबपानावर तयार केला, तर वीस आवाजांच्या वीस फाइली हे मोठं ओझं ठरतं. आणि त्या खेळात आवाज हवाच. घरी भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला पडद्यावरचं मराठी वाक्य वाचता येत नसलं, तरी उत्तर बरोबर आल्याचा ठोका कळतो. शब्दांवाचून पोहोचणारा आणि डेटा न खाणारा आवाज या मुलांना मिळावा, म्हणून हे तंत्र मला महत्त्वाचं वाटतं.

ब्राउझरमध्ये आवाज घडवण्याची सोय ज्या यंत्रणेमुळे झाली तिचं नाव वेब ऑडिओ एपीआय. गूगलमधले क्रिस रॉजर्स तिच्या मसुद्याचे पहिले संपादक. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं पहिला सार्वजनिक मसुदा १५ डिसेंबर २०११ ला मांडला आणि १७ जून २०२१ ला तो अधिकृत मानदंड झाला. आज साध्या अँड्रॉइड फोनमधल्या क्रोममध्येही ही यंत्रणा असते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

तिची रचना शेताच्या पाटासारखी आहे. एका टोकाला उगम, मध्ये पाणी कमीजास्त करणारी दारं, शेवटी वाफा. इथं उगम म्हणजे ऑसिलेटर, जो ठरावीक कंप्रतेची, म्हणजे सेकंदाला ठरावीक कंपनांची, लाट सतत सोडत राहतो. उगम गोंगाटाचाही असू शकतो: एकामागून एक यादृच्छिक आकडे, म्हणजे नळाच्या जोरदार धारेसारखा सपाट आवाज. मधलं दार म्हणजे गेन, आवाज लहानमोठा करणारा भाग. दुसरं दार फिल्टर, ते काही कंप्रता जाऊ देतं आणि काही अडवतं. शेवटचा वाफा म्हणजे फोनचा स्पीकर. या प्रत्येक भागाला नोड म्हणतात. कोड लिहिणाऱ्यानं नोड निर्माण करायचे आणि कोण कोणाला जोडलेला आहे ते सांगायचं, एवढंच काम. हे सगळं ज्या आवारात चालतं त्याला ऑडिओकॉन्टेक्स्ट म्हणतात, आणि सगळ्यात आधी ते उघडावं लागतं.

नवशिक्या पहिल्यांदा अडतो तो इथंच. कोड अचूक लिहिला, पान उघडलं, तरी आवाज नाही. वेबपानं उघडताच आपोआप वाजू लागू नयेत म्हणून, वापरणाऱ्यानं पानाला एकदा स्पर्श करेपर्यंत ब्राउझर हे आवार निजवून ठेवतो. क्रोमनं वेब ऑडिओला हा नियम २०१८ च्या अखेरीस लावला. उपाय सोपा आहे. पानावर ‘सुरू करा’ असं मोठं बटण ठेवायचं आणि ते दाबल्यावर आवाराला जागं करायचं. टोन.जेएस ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरत असाल, तर तिच्यात यासाठी स्टार्ट नावाची एकच आज्ञा आहे.

नुसता ऑसिलेटर सोडला तर कानठळ्या बसवणारी एकसुरी शिटी ऐकू येते. तिचा ‘आवाज’ होतो तो तिच्या चढउतारामुळे. कुठलाही ध्वनी उगवतो, उतरतो, काही काळ टिकतो आणि विझतो. या चार टप्प्यांची मापं गेन नोडला दिली की तीच शिटी घंटा होते किंवा ठोका होतो. ढोलाचा उगम एक-दोन मिलिसेकंदांत होतो, टिकण्याचा टप्पा जवळपास नसतोच, आणि विझणं अर्ध्या सेकंदाचं. बासरीचा स्वर फुलायलाच पन्नास-साठ मिलिसेकंद लागतात आणि फुंक असेपर्यंत तो टिकतो. इथं एक बारीक खाच आहे. आवाज नैसर्गिकपणे विझतो तो घातांकी उताराने, म्हणजे दर क्षणी उरलेल्याचा ठरावीक हिस्सा कमी होत. यासाठीची आज्ञा शून्यापर्यंत उतरू शकत नाही. शून्य दिलं की कोड चूक दाखवून थांबतो. म्हणून ०.००१ पर्यंत उतरवायचं आणि मग ऑसिलेटर बंद करायचा. त्याआधीच तो तोडला तर शेवटी टक्क असा आवाज येतो, आणि स्वस्त स्पीकरवर तो फार बोचतो.

आता ढोल. काठी संस्थानची राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली आहे, असं परंपरा सांगते. अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावी सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून लोक येतात. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर नक्षी रंगवलेले, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधलेले बुध्या नावाचे नर्तक रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. तिथल्या मोठ्या ढोलाचा ठोका कानाआधी छातीत जाणवतो. असा ठोका कशाकशाचा बनतो, हे ऐकूनच शोधावं लागतं.

मोठ्या ढोलावर जोराचा ठोका पडला की पहिल्या क्षणी स्वर वर असतो आणि लगेच खाली बसतो. कारण असं की कातडं आत दबतं तेव्हा क्षणभर अधिक ताणलं जातं, आणि ताण वाढला की कंप्रता वाढते. दबलेलं कातडं सैल होत जातं तसा स्वर मूळ जागी येतो. म्हणून ऑसिलेटरची कंप्रता १५० हर्ट्‌झवर सुरू करून साठ मिलिसेकंदांत ७५ हर्ट्‌झवर आणायची. एवढ्यानंच ‘ढुम्’ ऐकू येतो. टोन.जेएसमध्ये याच तत्त्वावरचं मेम्ब्रेनसिंथ नावाचं तयार वाद्य आहे. त्याला दोन मापं द्यायची असतात: स्वर किती सप्तकं खाली घसरावा आणि किती वेळात. तयार मापात ही घसरण दहा सप्तकांची आहे. ती ठेवली तर डीजेच्या भिंतीचा धपका ऐकू येतो, ढोल नाही. दहाच्या जागी एक केलं की कातड्याचं वाद्य वाजू लागतं. लायब्ररीतलं वाद्य तयार मिळालं तरी त्याची मापं ज्यानं ठरवली त्याच्या कानात दुसरा ढोल होता, एवढं लक्षात ठेवावं.

पण एकट्या ऑसिलेटरचा ठोका पोकळ वाटतो. तबल्यावर असते तशी शाई नसलेलं, सगळीकडे सारखं ताणलेलं गोल कातडं एकाच कंप्रतेनं हलत नाही. मूळ कंप्रतेबरोबर तिच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशा वाकड्या पटींतही ते हलतं. मूळ ७५ धरलं तर ११९, १६० आणि १७२ हर्ट्‌झ. या पटी पूर्णांकांत नसल्यामुळे ढोलाला स्वर लावता येत नाही, तो फक्त घुमतो. तबला आणि मृदंग मात्र सुरात लागतात. त्याचं कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. मधल्या शाईच्या वजनामुळे या वाकड्या पटी सरळ होऊन एक, दोन, तीन अशा पूर्णांकांकडे येतात. ज्या कारागिरांनी शाईचे थर घोटून घोटून हे साधलं, त्यांनी कुठलंही समीकरण न मांडता ध्वनिशास्त्राचा एक कठीण प्रश्न सोडवला होता. आपल्या कामापुरता निष्कर्ष असा की ढोल हवा असेल तर वरचे तीन ऑसिलेटर त्या वाकड्या पटींवर ठेवायचे, आवाज निम्म्याहून कमी, आणि विझायला मूळच्या एक-तृतीयांश वेळ. तबला हवा असेल तर पटी पूर्णांकांत ठेवायच्या. कोडमधले तीन आकडे बदलले की वाद्य बदलतं.

राहिला काठीचा खट्ट. त्यासाठी गोंगाटाचा पंधरा मिलिसेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि १,५०० हर्ट्‌झच्या आसपासच्याच कंप्रता जाऊ देणाऱ्या फिल्टरमधून न्यायचा. तो इतका आखूड असतो की वेगळा ऐकू येत नाही, पण काढून टाकला तर ढोल कुणी वाजवतच नाही असं वाटतं.

संगणकाला चांगले स्पीकर लावून हे सगळं जमवलं आणि मग फोनवर ऐकलं, तर ढोल गायब झालेला असतो. फोनचा स्पीकर नखाएवढा. दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खालचं त्याला जवळजवळ हलवताच येत नाही. ७५ हर्ट्‌झ तर दूरच. आवाज वाढवून उपयोग नाही. उपाय कानाच्या एका गुणात आहे. १५०, २२५, ३००, ३७५ अशा कंप्रता एकत्र ऐकू आल्या की त्यांच्यामधलं ७५ चं अंतर मेंदू ओळखतो आणि प्रत्यक्षात न वाजलेला ७५ चा स्वर ऐकतो. म्हणून मूळ लाट वेव्हशेपर नावाच्या नोडमधून किंचित वाकवून न्यायची. वाकवल्यामुळे तिच्यात या पूर्णांकी पटी आपोआप तयार होतात. वाकवणं वरच्या आणि खालच्या बाजूला अगदी सारखं केलं तर फक्त विषम पटी मिळतात, म्हणून एका बाजूला थोडं जास्त वाकवावं. आणि हा संस्कार फक्त मूळ लाटेवर करावा. चारही ऑसिलेटर एकत्र करून वाकवले तर वाकड्या पटींची आपसात बेरीज-वजाबाकी होऊन चिखल होतो. पाड्यावरची मुलं हा आवाज फोनवरच ऐकणार, तेव्हा सगळी मापं शेवटी साध्या फोनवरच ठरवायची.

घुंगरांचं गणित निराळं आहे, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. नाचणाऱ्यानं एक पाऊल टाकलं की कमरेचे सगळे घुंगरू एकदम वाजत नाहीत. आतले खडे आपापल्या वेळी कवचांवर आपटतात; आधी दाट, मग विरळ. प्रत्येक आपट वेगळी लिहून ठेवणं अशक्य. प्रिन्स्टन विद्यापीठातले पेरी कुक यांनी १९९७ मध्ये यावरचा मार्ग छापला: आपटा मोजू नका, आपटण्याची शक्यता मोजा. पाऊल पडलं की एका आकड्यात ‘ऊर्जा’ १ भरायची. दर मिलिसेकंदाला तिला ०.९८५ ने गुणायचं. दीडशे मिलिसेकंदांत ती दहाव्या हिश्शावर येते. त्याच प्रत्येक मिलिसेकंदाला एक फासा टाकायचा, म्हणजे यादृच्छिक आकडा काढायचा. तो ठरलेल्या मर्यादेखाली आला तर एक आपट झाली, आणि तिचा जोर त्या क्षणी उरलेल्या ऊर्जेइतका. ही आपट म्हणजे गोंगाटाचा एक कण. तो कण दोन ते आठ हजार हर्ट्‌झमधल्या चार-पाच टोकदार फिल्टरमधून गेला की पितळ ऐकू येतं. प्रत्येक कणाला फिल्टरची कंप्रता दोन-चार टक्के इकडेतिकडे केली की एका घुंगराचे अनेक घुंगरू होतात, कारण कमरेच्या माळेतले सगळे एकाच साच्यातले नसतात. नाचणारे पाच असतील तर प्रत्येकाचं पाऊल दहा-वीस मिलिसेकंद मागेपुढे ठेवायचं. पाचही जण यंत्रासारखे एकाच क्षणी उतरले तर पाच माणसं ऐकू येत नाहीत, एकच मोठा घुंगरू ऐकू येतो.

टोन.जेएसमधलं मेटलसिंथ सहा ऑसिलेटर वाकड्या पटींवर एकत्र वाजवून धातूचा आवाज काढतं. झांज किंवा थाळीसाठी ते चांगलं. घुंगरांसाठी मात्र कुक यांची शक्यतेची रीतच वापरावी असं माझं ठाम मत आहे. कमरेचे वाळलेले भोपळे त्याच रीतीने होतात; फक्त फिल्टर तीनशे ते सहाशे हर्ट्‌झवर आणि बोथट ठेवायचा.

आवाज घडला, पण लय? वेबपानांच्या जावास्क्रिप्ट या भाषेत ‘इतक्या मिलिसेकंदांनी हे कर’ असं सांगणारा एक टायमर असतो. नवा माणूस तोच वापरतो आणि ढोल अडखळतो. पडदा रंगवणं, बोटाचा स्पर्श ओळखणं या कामांत गुंतलेला ब्राउझर टायमरकडे उशिरा पाहतो. वीस-तीस मिलिसेकंदांचा उशीर पडद्यावर दिसत नाही, ढोलात लगेच कळतो. ऑडिओकॉन्टेक्स्टचं स्वतःचं एक घड्याळ असतं आणि ते ध्वनीच्या नमुन्यांवर चालतं, म्हणून कधी अडखळत नाही. ठोका त्या घड्याळाच्या वेळेवर आधीच नोंदवून ठेवायचा. पण सगळी लय आधी नोंदवली तर मध्येच मुलानं वेग बदलला की काही करता येत नाही. क्रिस विल्सन यांनी २०१३ मध्ये या दोन घड्याळांचा मेळ घालणारी जी रीत समजावली, ती आजही सगळे वापरतात. ढिला टायमर दर पंचवीस मिलिसेकंदांनी उठतो, पुढच्या शंभर मिलिसेकंदांत येणारे ठोकेच पक्क्या घड्याळावर नोंदवतो आणि पुन्हा झोपतो. टोन.जेएसमधला ट्रान्सपोर्ट हेच काम आत दडवून करतो. यॉटम मान यांनी लिहिलेल्या या लायब्ररीचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो इथं, तयार वाद्यांपेक्षाही.

लयीचं आणखी एक उदाहरण तापीकाठी मिळतं. शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. टाप घडवणं सोपं आहे: आखूड गोंगाट, मध्यम फिल्टर, खाली थोडा ‘ढब्’. माती असेल तर फिल्टर खाली, डांबर असेल तर वर. घोडा ओळखू येतो तो चालीवरून. साध्या चालीत चार टापा सारख्या अंतरानं पडतात. दुडकीत एक पुढचा आणि विरुद्ध बाजूचा मागचा असे पाय जोडीनं पडतात, म्हणून दोनच ठोके ऐकू येतात. बाजारात ज्या रवाल चालीसाठी घोडे नावाजले जातात, तिच्यात एका बाजूचा मागचा आणि पुढचा पाय जवळजवळ लागोपाठ पडतात, मग दुसऱ्या बाजूचे, ‘टप्‌टप्... टप्‌टप्’. चार टापांची चार अंतरं एका ओळीत लिहिली की चाल झाली. त्या आकड्यांशी खेळणं हा मुलांसाठी अपूर्णांकांचा फार चांगला धडा आहे: एका फेरीचे चार समान भाग केले तर साधी चाल, दोन भाग केले तर दुडकी.

कुठलाही ठोका दोनदा तंतोतंत सारखा वाजू देऊ नये. हात तसा वाजवत नाही. प्रत्येक वेळी कंप्रता दोन-तीन टक्के आणि जोर थोडा इकडेतिकडे केला की कान थकत नाही.

तारेचा आवाज एका चमत्कारासारख्या सोप्या रीतीने होतो. केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी ती १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. गोंगाटाचा छोटा तुकडा एका चक्रात फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीला शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घ्यायची. दोनशे नमुन्यांचं चक्र असेल तर ४४,१०० भागिले २००, म्हणजे सुमारे २२० हर्ट्‌झची एकतारी छेडल्यासारखी वाजते. सरासरीमुळे वरच्या कंप्रता आधी मरतात, खऱ्या तारेत मरतात तशाच. ब्राउझरमध्ये एक अडचण येते. वेब ऑडिओ १२८ नमुन्यांच्या गठ्ठ्यांत काम करतो, त्यामुळे साध्या नोडनी बांधलेलं चक्र १२८ हून लहान होत नाही, आणि सुमारे ३४४ हर्ट्‌झच्या वरची तार जमत नाही. त्यासाठी ऑडिओवर्कलेट नावाची खोलवरची सोय वापरावी लागते. टोन.जेएसमधल्या प्लकसिंथमध्ये ते काम आधीच केलेलं आहे.

पावसासाठी गोंगाटावर फिल्टर एवढं पुरेसं वाटतं, पण तोरणमाळच्या यशवंत तलावावर पडणारा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस यांत फरक हवा. पाण्यावरच्या थेंबाचा टपोरा स्वर पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो. मिनार्ट यांनी १९३३ मध्ये दाखवलं की एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्‌झला वाजतो. त्रिज्या दुप्पट झाली की कंप्रता निम्मी. तेव्हा गोंगाटावर असे बारीक, किंचित वर चढणारे स्वर यादृच्छिक वेळी पेरायचे. पत्र्यासाठी धातूचे.

दरीपलीकडून येणारा ढोल हवा असेल तर आवाज नुसता लहान करून चालत नाही. हवा वरच्या कंप्रता आधी गिळते, म्हणून दूरचा ढोल घुमतो आणि काठीचा खट्ट हरवतो. फिल्टरनं वरचा भाग कापायचा. मग प्रतिध्वनी. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरचा कडा १७० मीटरवर असला तर जाऊनयेऊन एक सेकंद. डिले नोडला तेवढा वेळ द्यायचा आणि परतलेला आवाज अजून थोडा बोथट करायचा.

कुठली लायब्ररी घ्यावी, याचं उत्तर वजनावर ठरतं. टोन.जेएस स्वतः काही शेकडो केबींची आहे. खेळात बरोबर, चूक, उडी, शाबासकी असे पाच-सहाच आवाज असतील, तर ती घेणं म्हणजे वाचवलेल्या ध्वनिफाइलींएवढंच ओझं पुन्हा घेणं. फ्रँक फोर्स यांची झेडझेडएफएक्स आवळल्यावर एक केबीहून लहान होते. तिच्यात प्रत्येक आवाज म्हणजे वीसेक आकड्यांची एक ओळ. तिचा पूर्वज टॉमस पेटरसन यांनी २००७ च्या एका खेळ-निर्मिती स्पर्धेसाठी लिहिलेला एसएफएक्सआर. त्याचा जावास्क्रिप्टमधला अवतार जेएसएफएक्सआर. यांत बटणं दाबून आवाज शोधता येतो आणि आवडला की आकडे उचलता येतात. त्यांचा स्वभाव जुन्या व्हिडिओ गेमचा आहे, ढोल-घुंगरू त्यांत बसत नाहीत. लय, सूर आणि अनेक वाद्यं हवी असतील तेव्हाच टोन.जेएस घ्यावी. माझा सल्ला विचाराल तर पहिला ढोल कुठलीही लायब्ररी न घेता, थेट वेब ऑडिओतच लिहावा. पन्नास ओळींचं काम आहे, आणि ते केल्यावर लायब्ररीतलं प्रत्येक माप कशासाठी आहे ते कळतं.

स्वस्त फोनच्या मेंदूवर ताण येतो हेही खरं. पाच नाचणारे, प्रत्येकी तीस कण, प्रत्येक कणाला पाच फिल्टर, एवढं एकदम चालवलं की आवाज फाटतो. त्यावर उपाय ऑफलाइनऑडिओकॉन्टेक्स्टचा आहे. खेळ सुरू होतानाच घुंगरांची पाच-सहा निरनिराळी पावलं फोनमध्येच घडवून स्मृतीत ठेवायची आणि पुढे तीच आलटून पालटून वाजवायची. ध्वनिमुद्रणासारखाच नमुना तयार होतो, पण तो नेटवर्कवरून आलेला नसतो. सगळ्यांच्या शेवटी कॉम्प्रेसर नोड ठेवला की ढोल आणि घुंगरू एकत्र आले तरी आवाज फुटत नाही. आणि आवाज बंद करायचं बटण पहिल्याच पडद्यावर हवं. वर्ग एका खोलीत चार इयत्तांचा असतो.

घडवलेला ढोल होळीच्या ढोलाची जागा घेऊ शकत नाही, आणि त्यानं घेऊही नये. काठी गावच्या वादकांची लय, त्यांचे हात, रात्र चढत जाईल तसा बदलणारा वेग हे जतन करायचं असेल तर उत्तम ध्वनिमुद्रणच हवं, त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या नावानिशी. होळीत ज्या ठेक्याला मान आहे तो ठेका ‘चूक उत्तर’ म्हणून वाजवणं मला योग्य वाटत नाही. खेळासाठी एकटा ठोका घ्यावा, घुंगरांचं एक पाऊल घ्यावं, टाप घ्यावी. कुठला आवाज कशासाठी चालेल हे त्या पाड्यावरच्या मोठ्यांना विचारून ठरवावं. या विषयात खोल जायचं असेल त्यानं अँडी फार्नेल यांचं २०१० मध्ये एमआयटी प्रेसनं काढलेलं ‘डिझायनिंग साउंड’ हे पुस्तक मिळवावं. पाऊस, वारा, पावलं, यंत्रं, पक्षी असे कितीतरी आवाज त्यात मुळापासून उलगडले आहेत.

शेवटची पायरी आवाजाची नाही, पण तिच्याविना बाकीच्यांचा उपयोग होणार नाही. पानासोबत सर्व्हिस वर्कर नावाची छोटी फाइल जोडायची. पान पहिल्यांदा उघडलं की ती सगळा कोड फोनमध्ये ठेवून घेते आणि पुढच्या वेळी नेटवर्क न मागता तिथूनच देते. आवाज कोडमध्येच असल्यामुळे तेही आपोआप सोबत येतात. शिक्षकानं आठवडी बाजाराच्या गावी, जिथं रेंज आहे तिथं, पान एकदा उघडावं. मग फोन विमान मोडवर टाकून ब्राउझर बंद करावा, पुन्हा उघडावा आणि ‘सुरू करा’ दाबावं. ढोल वाजला तर पान पाड्यावर न्यायला तयार आहे. नाही वाजला तर सर्व्हिस वर्करच्या यादीत कुठली फाइल राहून गेली ते तपासायचं.